पाच फॉर्म आणि एक रजिस्टर : ठाणे जिल्ह्यातल्या एका निवारा केंद्राचं प्रकरण

ठाणे जिल्ह्यात डोंगराला टेकून चाळी चढत गेलेल्या वस्त्या कितीतरी आहेत. पावसाळ्याआधी तिथे महापालिकेची नोटीस येते, लोक ती वाचतात आणि घरातच राहतात, कारण जायला दुसरी जागा नसते. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरमध्ये दरड घरावर आली आणि ५ जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या एका जुलैत, जिल्ह्यातल्या अशाच एका वस्तीवरची संरक्षक भिंत रात्री खचली. त्या रात्री कुणी दगावलं नाही. हे प्रकरण आहे त्यानंतरच्या दिवसांचं. शहर, वस्ती, शाळा यांची नावं मी दिलेली नाहीत आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. एका मुलीच्या बाबतीत तर ते कायद्यानेच बंधनकारक आहे. या कामात माझ्याकडे संध्याकाळच्या बैठकीच्या नोंदी ठेवण्याचं काम होतं, त्यामुळे लिहिलंय ते बरंचसं त्या खोलीत बसून ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे.

सुटकेचं काम चोख झालं, हे आधी सांगायला हवं. अग्निशमन आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या लोकांनी पहाटेपर्यंत भिंतीलगतच्या चाळी रिकाम्या केल्या. शंभरावर कुटुंबं महापालिकेच्या दुमजली शाळेत आणली. बाकं व्हरांड्यात रचली, वर्गांत सतरंज्या पडल्या, सकाळी चहा आला, दुपारी खिचडी आली. जीव वाचवताना कोण गरोदर आहे, कोणाला चालता येत नाही, हे सगळेच बघतात. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. त्या हजाराहून जास्त प्रवाशांत ९ गरोदर बायका आहेत, हे तेव्हा जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. पण माणसं सुरक्षित जागी पोचली, छप्पर आणि जेवण मिळालं की ही मोजणी थांबते. तिथून पुढे रजिस्टरमध्ये फक्त ‘कुटुंब’ उरतं.

दुसऱ्या दिवशी आलेले लोक

दुसऱ्या दिवशी मदतीला माणसं यायला लागली. एका महिला संस्थेच्या समुपदेशक आल्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे क्षेत्रीय कार्यकर्ते आले. विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक, अपंगांसाठी काम करणारी एक संस्था आणि आरोग्य केंद्राचं पथकही आलं. यातली बहुतेक माणसं आपापल्या विषयात वर्षानुवर्षं काम केलेली होती. आपल्याकडे तज्ज्ञच नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी त्या दिवशीचं शाळेचं आवार दाखवलं असतं.

प्रत्येकाकडे आपला फॉर्म होता. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक विधवा मावशी तेरा-चौदा वर्षांच्या नातीला घेऊन राहत होत्या. त्यांच्याकडून त्या एका दिवसात पाच फॉर्म भरून घेतले गेले. नाव, वय, घरात कोण कोण, नवरा कधी गेला, उत्पन्न किती, काही त्रास आहे का. पाचव्यांदा विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “बाई, आधीच्या बाईंनी सगळं लिहून नेलंय. त्यांनाच विचारा.”

‘काही त्रास आहे का’ याचं उत्तर मावशींनी आधीच दिलं होतं. शाळेचा मुलींचा संडास मागच्या बाजूला होता. आतून कडी नव्हती, वाटेवर दिवा नव्हता, त्यामुळे नात संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हती. पाचपैकी तीन फॉर्मांत ही गोष्ट लिहिलेली होती. एक फॉर्म संस्थेच्या कार्यालयात गेला, दुसरा जिल्हा कार्यालयात, तिसरा आरोग्य केंद्राच्या फाइलीत. सुताराला बोलावून कडी लावायचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते सहाय्यक आयुक्त त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर बसले होते. त्यांच्यापर्यंत यातला एकही कागद पोचला नव्हता.

या प्रकरणाची गाठ माझ्या मते इथे आहे. संरक्षण (म्हणजे हिंसा, छळ, शोषण यांपासून माणसांना वाचवणं) आणि लिंगभाव (म्हणजे बाई, पुरुष किंवा तृतीयपंथी असण्याने माणसाच्या वाट्याला काय वेगळं येतं) या विषयांतलं ज्ञान त्या आवारात भरपूर होतं. निर्णय घेणाऱ्याच्या शेजारी, निर्णयाच्या वेळी, त्या ज्ञानाच्या वतीने बोलणारं मात्र कुणी नव्हतं.

जगात हे काम कसं चालतं

मोठ्या संकटांत हाच गोंधळ देशाच्या पातळीवर होतो. युद्ध, विस्थापन किंवा भूकंप झाला की डझनावारी संस्था उतरतात आणि प्रत्येकीचं सर्वेक्षण वेगळं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या आंतर-संस्था स्थायी समितीने २००५ मध्ये मदतकार्याची विषयवार गटांत विभागणी केली. संरक्षणाचा गट निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे आला. त्यातलं बालसंरक्षण युनिसेफकडे आणि लिंगाधारित हिंसेचा विषय संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीकडे गेला. पण गट केले म्हणून गटांमधलं अंतर मिटत नाही. म्हणून २००५ मध्येच ‘प्रोकॅप’ आणि २००७ मध्ये ‘जेनकॅप’ असे दोन प्रकल्प सुरू झाले, पहिला संरक्षणासाठी आणि दुसरा लिंगभाव समानतेसाठी. दोन्हींची रीत सारखीच. अनुभवी सल्लागारांची यादी तयार ठेवायची, संकट आलं की त्यातला माणूस काही महिन्यांसाठी तिथे पाठवायचा. नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल ही यादी सांभाळत आली आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने प्रकल्पांचं सचिवालय पाहिलं.

यातला मोलाचा भाग म्हणजे सल्लागाराची जागा. तो एका संस्थेचा प्रकल्प चालवायला जात नाही. त्या देशातल्या मदतकार्याच्या प्रमुखाला आणि सगळ्या संस्थांच्या मिळून असलेल्या व्यवस्थेला सल्ला देणं हे त्याचं काम. निधीच्या मागणीत, सर्वेक्षणाच्या प्रश्नांत, छावणीच्या नकाशात बायका, मुलं, म्हातारी माणसं, अपंग कुठे आहेत हे तो विचारत राहतो. २०१८ पासून मदतकार्याच्या प्रत्येक प्रकल्पाला ‘लिंग आणि वय’ या निकषावर गुण देण्याची पद्धत आली, तीही याच खटपटीतून पुढे गेली.

हे सल्लागार ठाण्यात येणार नाहीत. २००४ च्या त्सुनामीपासून भारताने आपत्तीत बाहेरच्या सरकारांकडे मदत न मागण्याचं धोरण ठेवलं आहे, आणि एका डोंगरावरची भिंत खचली म्हणून आंतरराष्ट्रीय यंत्रणा हलतही नाही. पण त्यांची रीत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. चौथ्या दिवशी त्या शाळेत तेच झालं.

समन्वयक ताई

जिल्ह्यातल्याच एका संस्थेत काम करणाऱ्या एक ताई आहेत. २०१७ नंतर बांगलादेशात कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत त्यांनी संरक्षणाचं काम केलं होतं. संस्थेने त्यांना तीन आठवड्यांसाठी उसने दिले. पगार संस्थेचा, पण काम सहाय्यक आयुक्तांच्या हाताखाली, अशी तोंडी बोलणी झाली. ताईंनी दोन अटी घातल्या. माझ्या संस्थेचा बॅनर इथे लागणार नाही, आणि माझं टेबल साहेबांच्याच खोलीत असेल. पहिल्या अटीमुळे बाकीच्या संस्थांचा संशय गेला. दुसरीमुळे काय झालं ते पुढे येतंच.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पाचही जणांना शिक्षकांच्या खोलीत बसवून पाच फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. अर्ध्याहून जास्त प्रश्न सारखेच निघाले. सामाईक प्रश्नांचं एक पान करायचं आणि ते अंगणवाडी सेविकांनी एकदाच भरायचं, असं ठरलं. खासगी गोष्टी त्या पानावर लिहायच्या नाहीत. त्या ज्याच्या विषयात बसतात त्याच्याकडेच आणि कुलपात. सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर तोपर्यंत किट घेणाऱ्या बायकांचे आणि पोरांचे फोटो पडत होते. तेही त्या दिवशी बंद झालं. रोज सहा वाजता वीस मिनिटांची बैठक, साहेब असतील तरच सुरू करायची, आणि नोंद एवढीच : काय हवं, कोण करणार, कधीपर्यंत.

कडीचा विषय पहिल्या बैठकीत चार मिनिटांत संपला. ताईंनी स्फिअर या मानवतावादी मानकांच्या पुस्तिकेतला आकडा सांगितला. सामाईक संडास २० माणसांमागे १ आणि बायकांचे पुरुषांच्या तिप्पट. शाळेत एवढे बसणं शक्यच नव्हतं. मग तळमजल्यावरचा शिक्षकांचा संडास बायकांना दिला, मागच्या संडासांना आतून कड्या लावल्या, वाटेवर दोन दिवे बसवले. पॅड टाकायला झाकणाचे डबे ठेवले, कारण खालच्या नळाची गटारं पॅडमुळेच तुंबत होती. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मावशींची नात त्या संध्याकाळी काय प्यायली ते मला माहीत नाही, पण रात्री नऊनंतर बायका एकेकट्या खाली उतरायला लागल्या, हे पहाऱ्यावरच्या महिला होमगार्डने स्वतःहून सांगितलं.

रजिस्टरचं काम जास्त अवघड होतं. त्यात एका कुटुंबाला एक ओळ आणि त्या ओळीत कुटुंबप्रमुखाचं नाव, म्हणजे पुरुषाचं. किट त्याच्या सहीने, तलाठ्याच्या पंचनाम्यातही तेच नाव उतरणार. नवऱ्याला सोडून आईकडे राहायला आलेली एक मुलगी आईच्या ओळीत ‘इतर’ होती. एका माणसाच्या दोन बायका दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या, त्यातली एक रजिस्टरमध्ये नव्हतीच. भाडेकरूंच्या जागी घरमालकाचं नाव होतं, आणि तो मालक दुसऱ्या उपनगरात राहत होता. दारू पिणाऱ्या एका नवऱ्याने धान्याचं किट नाक्यावरच्या दुकानात विकलं, तेव्हा बायकोच्या हाती काहीच उरलं नाही.

यावर साहेबांचं म्हणणं सरळ होतं : नमुना वरून आलाय, मी बदलू शकत नाही. इथे परदेशातली पुस्तिका काढली असती तर बोलणं तिथेच थांबलं असतं. ताईंनी राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ समोर ठेवला. त्याच्या कलम १३ नुसार रेशनकार्डासाठी घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख. सोबत आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्याचं कलम १२ मदतीच्या किमान दर्जात विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगतं, आणि कलम ६१ मदतवाटपात लिंग, जात, धर्म यांवरून भेद करायला मनाई करतं. साहेब दोन्ही पानं वाचून म्हणाले, “नमुना तसाच ठेवू. शेरा रकान्यात प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव आणि फोन लिहा. किट बाईच्या सहीने.” एवढ्या एका वाक्याने पुढचे कितीतरी वाद मिटले. आपल्याकडे काम करणाऱ्या सल्लागाराने अधिकाऱ्याच्या टेबलावर आधीपासून असलेला कायदाच उघडून दाखवावा, असं माझं या प्रकरणानंतर ठाम मत झालं आहे.

प्रत्येक खोलीतून दोन बायका प्रतिनिधी निवडल्या, त्याला घरचाच दाखला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या होत्या. शाळेत औसा तालुक्यातल्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या गावात माझी सासू होती त्याच्यात. इंजिनेरला सिमिट मोजून दाखवायला लावायची.” काकू पहिल्या प्रतिनिधी झाल्या.

वस्तीतल्या तीन तृतीयपंथी रहिवाशांनी पहिल्या रात्रीच शाळा सोडली होती. त्यांना फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी जिन्याजवळची लहान खोली आणि आतून कडी मागितली. दोघी परत आल्या.

ज्यावर सगळे अडले

पहिल्या आठवड्याच्या शेवटी एका अंगणवाडी सेविकेला वस्तीतल्या सोळा वर्षांच्या मुलीने काही सांगितलं. वाटपाला येणारा एक स्वयंसेवक तिला जास्तीची चादर देऊन फोन नंबर मागत होता. नंतर त्याने जिन्यात अडवून नको तसे हात लावले. मुलगी समुपदेशकांकडे गेली नाही. सेविका तिला लहानपणापासून ओळखत होती, म्हणून तिच्याकडे बोलली, आणि म्हणाली, “कुणाला सांगू नका.”

दोन अनुभवी माणसांत इथे खरा मतभेद झाला. समुपदेशकांचं म्हणणं, मुलीने विश्वास टाकलाय. या क्षेत्रातली सगळी मार्गदर्शक तत्त्वं पीडितेची इच्छा पहिली मानतात. आत्ता पोलीस आले तर उद्या या शाळेतली एकही मुलगी तोंड उघडणार नाही. बाल संरक्षणच्या कार्यकर्त्याचं म्हणणं, पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२, याच्या कलम १९ नुसार अठराखालच्या मुलीबाबत असा गुन्हा कळला की तो कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो माणूस आज संध्याकाळीही वाटपाला येणार आहे. दोघांचंही बरोबर होतं. माझ्या नोंदवहीत त्या दुपारची चार पानं आहेत.

ताईंनी प्रश्न दोन भागांत तोडला. त्या माणसाला थांबवायला मुलीचं नाव कुठेच लागत नाही. वाटप यापुढे फक्त पटांगणात, ओळखपत्र असलेल्या दोघांनी मिळून, त्यातली एक बाई, आणि स्वयंसेवकांना वरचे मजले बंद, असा आदेश साहेबांनी तासाभरात काढला. त्या संध्याकाळी तो शाळेत शिरू शकला नाही.

दुसरा भाग मुलीचा. कळवणं टाळता येणार नव्हतं, पण ते तिच्या पाठीमागे करायचं नव्हतं. सेविका आणि समुपदेशक दोघी मिळून मुलीशी आणि तिच्या आईशी बोलल्या. कळवावं का लागतं, कोणाला कळवायचं, पुढे काय होईल, सोबत कोण असेल. कलम २४ प्रमाणे जबाब मुलीला हवा त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीने सेविकेचं घर निवडलं. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवलं, समितीने तिला सोबत करणारी व्यक्ती नेमून दिली. मुलीची ओळख बैठकीत, रजिस्टरमध्ये, ग्रुपवर कुठेही आली नाही. माझ्या चार पानांतही नाही.

त्यानंतर समुपदेशक, सेविका, आरोग्य पथक, सगळ्यांसाठी एक वाक्य ठरलं. अठराखालच्या कुणाशीही बोलायला बसताना ते सुरुवातीलाच सांगायचं : “तुला कुणी त्रास दिला असं मला कळलं तर मला ते पुढे सांगावं लागेल, पण तुला आधी सांगून आणि तुझ्यासोबत राहून.” समुपदेशकांना भीती होती की हे ऐकून मुली गप्प बसतील. पुढच्या दिवसांत आणखी दोघी बोलल्या, दोघींची गोष्ट घरातली होती. सज्ञान बाईच्या बाबतीत ही सक्ती नाही. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करायची की नाही हे तीच ठरवते, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तेवढा तिच्या हाती द्यायचा. हा फरक नीट माहीत नसलेले कार्यकर्ते मी त्या शाळेत पाहिले, आणि तो माहीत असणं ही या कामाची पहिली पात्रता मानली पाहिजे.

पुनर्वसनाच्या यादीत काय झालं

शाळा पुन्हा सुरू व्हायची होती, म्हणून संक्रमण घरांची, म्हणजे तात्पुरतं राहायला द्यायच्या घरांची, यादी आली. घरं शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. संमतीपत्रावर सह्या घ्यायला वरच्या कार्यालयातून माणसं आली ती सकाळी दहाला. वस्तीतल्या बहुतेक बायका तेव्हा सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाक करत होत्या. पुरुषांनी सह्या केल्या. दुपारी बायका परत आल्या आणि एकच ओरडा झाला. नव्या घरापासून कामावर जायला दोन बस, सकाळी सातचं पहिलं काम सुटणार, म्हणजे महिन्याची निम्मी कमाई जाणार.

ताईंनी त्याच संध्याकाळी हे साहेबांपुढे मांडलं. कोण कुठे कामाला जातं याचा तक्ता खोली-प्रतिनिधींनी रात्रीत करून दिला. साहेबांनी शिफारस लिहून वर पाठवली. एकट्या बायकांची आणि अपंग माणसं असलेली मोजकी घरं जवळच्या इमारतीत हलवून मिळाली, बाकीची यादी तशीच राहिली. ताईंच्या टेबलाची ताकद त्या खोलीपुरतीच होती. घरं कुठे द्यायची हा निर्णय ज्या टेबलावर झाला, तिथे असं कुणी बसलेलं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत काही कुटुंबं संक्रमण घराला कुलूप लावून पुन्हा त्याच डोंगरावर भाड्याने राहायला गेली. त्यांना बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी तो तक्ता वाचावा.

तीन आठवडे संपल्यावर ताई आपल्या संस्थेत परतल्या. जाण्याआधी त्यांनी आणि त्या पाच जणांनी मिळून महापालिकेला पत्र दिलं. त्यात मागण्या तीनच आहेत. जिल्ह्यातल्या अशा अनुभवी आठ-दहा जणांची यादी एप्रिलमधल्या पावसाळापूर्व बैठकीत मंजूर करावी. त्यातला एक माणूस पहिल्या दिवसापासून निवारा केंद्राच्या प्रमुखाकडे आणि एक मुख्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात बसवावा. आणि त्यांच्या त्या काळाच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात असावी, कारण दरवेळी कुठली संस्था पगार देऊन माणूस उसना देईल यावर हे चालणार नाही. यादी झाली आहे. सामाईक फॉर्म प्रभाग कार्यालयाने पुढच्या पावसाळ्यात स्वतःहून वापरला. मुख्यालयातल्या जागेचा आणि मानधनाचा विषय बैठकीच्या पत्रिकेवर दोनदा आला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. त्याचा पाठपुरावा आता त्या पाच संस्था मिळून करत आहेत, आणि औशाच्या काकू दर बैठकीला त्यांच्यासोबत जातात.